लॅपटॉपचाही सातबारा तपासा

सेकंडहँड लॅपटॉपचे बटण दाबावे आणि विंडोजचे चिन्ह दिसायच्या आधीच काळ्या पडद्यावर कुलपाचे लहानसे चित्र यावे. त्याखाली पासवर्डसाठी एक रिकामी चौकट. वापरणाऱ्याचे नाव नाही, ‘पासवर्ड विसरलात का?’ असा पर्यायही नाही. तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की यंत्र ठप्प होते. बंद करून पुन्हा सुरू केले की पुन्हा तेच कुलूप. घरातला मुलगा म्हणतो, विंडोज नव्याने टाकू. शेजारचा म्हणतो, आतला सेल काढून पाच मिनिटांनी बसव, सगळे पुसले जाते. दोघांचेही उपाय करून झाले तरी कुलूप जागचे हलत नाही.

या कुलपाला फर्मवेअर पासवर्ड म्हणतात. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात तो माणसाला हमखास कोड्यात टाकतो, कारण आपल्या ओळखीच्या कुठल्याच पासवर्डसारखा तो वागत नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा या आठ तालुक्यांच्या आपल्या जिल्ह्यात हा विषय केवळ संगणकवेड्यांपुरता उरलेला नाही. प्रवेश परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, नोकरीची जाहिरात, ऑनलाइन वर्ग या सगळ्यांसाठी घरात एक संगणक लागतो. नवा लॅपटॉप अनेक घरांच्या आवाक्यात नसतो. मग मोठ्या शहरांतल्या कंपन्यांत तीन-चार वर्षे वापरून झालेली यंत्रे दोन-तीन हातांतून फिरत गावातल्या दुकानात येतात. यंत्र चांगले असते, किंमतही परवडते. फक्त ते कोणाचे होते आणि त्याची किल्ली कोणाकडे राहिली, हे विचारायचे राहून जाते.

सगळ्यांच्या आधी उठणारा

गावात पहाटे सगळ्यांच्या आधी एक माणूस उठतो, तो म्हणजे पाणी सोडणारा. टाकीत पाणी किती आहे, मोटार चालू आहे का, कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, हे तो बघतो. त्याचे काम झाल्यावर गावाची सकाळ सुरू होते. संगणकात हेच काम फर्मवेअर करते. बटण दाबले की प्रोसेसर सर्वांत आधी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधल्या सूचना वाचतो. मेमरी, कीबोर्ड, पडदा, डिस्क जागेवर आहेत का, हे त्या सूचनांनुसार तपासले जाते आणि मगच कारभार विंडोजच्या किंवा लिनक्सच्या हाती जातो.

या फर्मवेअरला पूर्वी बायोस म्हणत. हे नाव गॅरी किल्डॉल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९७०च्या दशकात आपल्या सीपी/एम या प्रणालीसाठी वापरले. १९८१मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि बायोस हा शब्द जगभर रुळला. आजच्या लॅपटॉपमध्ये त्याची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली आहे. तिचे नियम ठरवणारा कंपन्यांचा मंच २००५मध्ये स्थापन झाला. दुकानात मात्र अजूनही ‘बायोसचा पासवर्ड’ असेच म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही.

फर्मवेअर विंडोजच्या आधी जागे होत असल्यामुळे त्याचा पासवर्डही विंडोजच्या आधी उभा असतो. विंडोज हे डिस्कवर असते आणि हे कुलूप मदरबोर्डवर. म्हणून डिस्क पुसली, नवी बसवली, विंडोज दहा वेळा नव्याने टाकली, तरी कुलूप तसेच राहते. घरातले फर्निचर बदलले म्हणून वेशीचे कुलूप उघडत नाही, तसेच हे.

सेल काढण्याचा जुना उपाय

मग सेल काढण्याचा सल्ला आला कुठून? तो पूर्णपणे खोटा नाही, पण आता जुना झाला आहे. १९८४मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटी या संगणकात घड्याळाच्या चिपमध्येच ६४ बाइटची इवलीशी मेमरी होती. त्यातली १४ बाइट घड्याळाच्या कामाला आणि ५० बाइट बाकीच्या नोंदींसाठी. ही मेमरी विजेवर जगायची. संगणक बंद असला की एक बॅटरी तिला जिवंत ठेवायची. पुढे अनेक डेस्कटॉप संगणकांत पासवर्डही अशाच मेमरीत ठेवला जाई. बॅटरी काढली की नोंदी पुसल्या जात आणि त्यांच्यासोबत पासवर्डही. काही मदरबोर्डवर तर यासाठी वेगळ्या पिनाच दिलेल्या असत. त्या काळच्या दुरुस्तीवाल्यांनी हा उपाय हजारदा केला असेल आणि तो बरोबरच होता.

कार्यालयीन वापराचे लॅपटॉप आल्यावर कंपन्यांनी पासवर्ड त्या मेमरीतून हलवला. लॅपटॉप बसमध्ये विसरतो, गाडीतून चोरीला जातो. सेल काढून उघडणारे कुलूप त्याच्या काय कामाचे? म्हणून पासवर्ड अशा चिपमध्ये जाऊ लागला, जिला लक्षात ठेवायला वीज लागतच नाही.

ही किमया कशी होते ते समजून घेण्यासारखे आहे. १९६७मध्ये बेल लॅब्जमध्ये डॉन कांग आणि सायमन झी या दोन शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरमध्ये विद्युतवाहक पदार्थाचा एक कप्पा ठेवायचा आणि त्याला चारही बाजूंनी विद्युतरोधक थराने लिंपून टाकायचे. ठरावीक दाबाची वीज दिली की इलेक्ट्रॉन त्या थरातून पार होऊन कप्प्यात शिरतात. वीज काढून घेतली की आतले इलेक्ट्रॉन आतच अडकतात. कप्पा भरलेला की रिकामा, यावरून शून्य किंवा एक ओळखायचे. पेव मातीने लिंपून बंद केले की आतले धान्य पुढच्या हंगामापर्यंत राहते, तसा हा इलेक्ट्रॉनचा साठा राहतो. पेन ड्राइव्ह, मोबाइलची मेमरी आणि लॅपटॉपच्या फर्मवेअरची चिप या सगळ्या याच तत्त्वावर चालतात. फर्मवेअरच्या चिपमधली नोंद साधारण २० वर्षे टिकेल, असे तिचे उत्पादक सांगतात. सेल पाच मिनिटे काढून ठेवा नाहीतर पाच महिने, त्या कप्प्याला पत्ताही लागत नाही.

उलट सेल काढल्याने घड्याळ मागे जाते. तारीख चुकली की बँकेची किंवा सरकारी अर्जाची संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणून उघडत नाहीत, कारण प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती तारखेशी ताडून पाहिली जाते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे नवेच दुखणे उभे राहते.

सेलबद्दल आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट सांगायलाच हवी. संगणकात नेहमी दिसणारा सीआर-२०३२ हा सेल म्हणजे २० मिलिमीटर व्यासाची, ३ व्होल्टची लिथियम चकती. चकचकीत नाण्यासारखी दिसते आणि लहान मूल ती सहज तोंडात घालते. याच आकाराची चकती मुलाच्या अन्ननलिकेत अडकते. ओल्या जागेत तिच्यातून प्रवाह वाहू लागतो, भोवती दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, दुखायची वाट पाहू नका. तडक एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठा. आणि घरात लॅपटॉप उघडला असेल तर काढलेला सेल चटईवर ठेवून उठू नका.

माणूस विसरतो, चिप विसरत नाही

पासवर्ड विसरणाऱ्याला आपण निष्काळजी म्हणतो. खरे तर या पासवर्डची रचनाच विसरायला लावणारी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची आणि काही काळाने किती आठवतात ते मोजायचे. १८८५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतून दिसले, की उजळणी नसेल तर विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर मंदावते. मोबाइलचा पासवर्ड आपण दिवसातून अनेकदा टाकतो, तो बोटांनाच पाठ होतो. फर्मवेअरचा पासवर्ड एकदा ठेवला की वर्षानुवर्षे लागत नाही. त्याची उजळणी होतच नाही.

जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत तर बहुतेकदा विसरणारे आपण नसतोच. कंपनीच्या संगणक विभागाने शेकडो यंत्रांवर एकच पासवर्ड ठेवलेला असतो. ज्या कर्मचाऱ्याने ते यंत्र तीन वर्षे वापरले, त्यालाही तो सांगितलेला नसतो. मुदत संपली की यंत्रे घाऊक भावात विकली जातात. डिस्क पुसण्याची काळजी घेतली जाते, पण फर्मवेअरचे कुलूप काढायचे राहून जाते. घाऊक खरेदीदार, दुरुस्तीवाला, शहरातला दुकानदार, गावातला दुकानदार या साखळीतल्या एकालाही तो पासवर्ड माहीत नसतो. आपण मात्र दुकानदारालाच पुन्हा पुन्हा विचारत राहतो.

कुलपे तीन, त्रास वेगवेगळा

समोरचे कुलूप कोणते आहे, हे आधी ओळखायला हवे. पडद्यावर कोणाचे नाव, फोटो किंवा ईमेलचा पत्ता दिसत असेल तर ते विंडोजचे कुलूप आहे. त्याचा उपाय वेगळा आणि बराच सोपा असतो. या सगळ्याच्या आधी, काळ्या किंवा कंपनीच्या चिन्हाच्या पडद्यावर पासवर्ड मागितला जात असेल तर ते फर्मवेअरचे. त्यात साधारण तीन प्रकार आढळतात.

पहिला ‘पॉवर-ऑन पासवर्ड’. यंत्र सुरू होतानाच तो अडवतो. दुसरा ‘सुपरवायझर’ किंवा ‘अॅडमिन पासवर्ड’. हा लबाड असतो, कारण लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो, विंडोज उघडते, सिनेमा चालतो, अर्ज भरता येतात. बंद असतो तो फक्त फर्मवेअरच्या सेटिंगचा दरवाजा. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचे असेल, नवी प्रणाली टाकायची असेल किंवा एखादी सोय चालू करायची असेल, तेव्हा तो आडवा येतो. विंडोज बिघडेपर्यंत घेणाऱ्याला पत्ताच नसतो. दुकानाची हमी महिन्याभराची असेल आणि विंडोज सहा महिन्यांनी बिघडली, तर दाद मागायला जागा उरत नाही.

तिसरा ‘हार्ड डिस्क पासवर्ड’. हे कुलूप मदरबोर्डवर नसते, डिस्कवरच असते. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात लावली तरी ती बंदच राहते. थिंकपॅड बनवणारी लेनोव्हो कंपनी आपल्या माहितीपुस्तिकेतच सांगते, की हा पासवर्ड विसरला तर तो बदलून देता येत नाही आणि आतली माहितीही परत मिळवून देता येत नाही. डिस्कच बदलावी लागते.

यातून एक दिलाशाची गोष्टही निघते. कुलूप पहिल्या दोन प्रकारांतले असेल आणि डिस्कवर सांकेतिक कुलूप लावलेले नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि आपले फोटो, कागदपत्रे वाचवता येतात. मदरबोर्ड अडला म्हणून माहिती गेली असे नाही. विंडोजमधले ‘बिटलॉकर’ हे सांकेतिक कुलूप चालू असेल, तर मात्र ४८ अंकी किल्ली लागते. फर्मवेअरमध्ये किंवा मदरबोर्डमध्ये बदल झाला तरी बिटलॉकर ही किल्ली मागू शकते. म्हणून यंत्र सुरू होत असेल तोवरच ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून ठेवावी आणि मगच लॅपटॉप दुरुस्तीला द्यावा.

ताबा आणि मालकी

आता मूळ प्रश्न. ज्या कंपनीने लॅपटॉप बनवला, तिने तरी हे कुलूप उघडून द्यायला हवे की नको? इथे कंपन्या जे विचारतात ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला चांगले कळेल. जमीन कोण कसतो, हा एक प्रश्न. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हा दुसरा. पैसे दिले, ताबा घेतला, पण फेरफार झाला नाही, तर पुढे काय होते हे महसूल कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना विचारावे. लॅपटॉप हातात आहे हा ताबा झाला. कंपनी मालकीचा कागद मागते.

अॅपलच्या इंटेल प्रोसेसरवाल्या जुन्या मॅकवर फर्मवेअर पासवर्ड असेल आणि तो आठवत नसेल, तर यंत्र घेऊन अॅपलच्या दुकानात किंवा अधिकृत सेवाकेंद्रात जावे लागते आणि खरेदीची मूळ पावती दाखवावी लागते. २०२०च्या नोव्हेंबरपासून आलेल्या अॅपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये हा पासवर्डच नाही. त्याऐवजी आधीच्या मालकाच्या खात्याशी बांधलेले कुलूप असते आणि ते त्यानेच काढावे लागते. डेलच्या लॅपटॉपवर ‘सर्व्हिस टॅग’ हा प्रत्येक यंत्राचा वेगळा क्रमांक असतो. डेल आधी मालकीची खातरजमा करते. सेकंडहँड यंत्राची मालकी आपल्या नावावर करून घेण्यासाठी डेलच्या संकेतस्थळावर अर्ज आहे. तो या बाजारातला फेरफारच म्हणायचा. लेनोव्होच्या थिंकपॅडवर सुपरवायझर पासवर्ड विसरला, तर तो काढण्याची पद्धतच नाही. खरेदीचा पुरावा दाखवून, पैसे भरून मदरबोर्ड बदलून घ्यावा लागतो. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत हा खर्च अनेकदा यंत्राच्या किमतीच्या घरात जातो.

हे जाचक वाटते. पण दुसऱ्या बाजूने पाहा. आपल्या मुलीचा लॅपटॉप पुण्याच्या बसमध्ये चोरीला गेला आणि चोराने सेवाकेंद्राला फोन करून ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर त्यांनी तो उघडून दिला, तर? जे कुलूप खऱ्या मालकाला कागदाशिवाय उघडत नाही, ते चोरालाही उघडत नाही. पूर्वी काही बायोसमध्ये बनवणाऱ्यांनीच ठेवलेले सर्वसाधारण पासवर्ड असत. ते फुटले आणि जगभर पसरले, तेव्हा ती कुलपे नावापुरतीच राहिली. आता अनेक यंत्रांत पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाहीत. गणिती प्रक्रियेतून दळून काढलेला त्याचा चुरा साठवतात. आपण टाकलेला पासवर्डही तसाच दळला जातो आणि दोन्ही पिठे जुळतात का एवढेच पाहिले जाते. पिठावरून ज्वारीचे दाणे पुन्हा जोडता येत नाहीत, तसे त्या चुऱ्यावरून पासवर्ड काढता येत नाही.

मोबाइलच्या बाबतीत केंद्र सरकारचे ‘संचार साथी’ हे पोर्टल २०२३च्या मे महिन्यापासून देशभर सुरू आहे. १५ अंकी आयएमईआय क्रमांकावरून जुना मोबाइल घेण्याआधी तो वैध आहे का, हे तिथे पाहता येते. लॅपटॉपला असा सर्वांसाठी खुला सातबारा नाही. म्हणूनच पावतीचे महत्त्व वाढते. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला जागा असताना तो अप्रामाणिकपणे घेणे वा ठेवणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमात त्याची तरतूद आहे. फर्मवेअरला कुलूप, विकणारा पावती देत नाही, सीरियल नंबरचे स्टिकर खरवडलेले, किंमत बाजारापेक्षा फारच कमी. या गोष्टी एकत्र दिसल्या तर ‘मला काय माहीत’ हे म्हणणे टिकायला अवघड जाते.

‘चिप मारून देतो’

काही दुकानांत ‘चिप मारून देतो’ असे सांगतात. म्हणजे फर्मवेअरची चिप बाहेरच्या उपकरणाने पुसून त्यावर दुसऱ्या यंत्राचे फर्मवेअर लिहायचे. काही वेळा यंत्र सुरूही होते. पण त्या चिपमध्ये फक्त पासवर्ड नसतो. यंत्राचा सीरियल नंबर आणि विंडोजच्या परवान्याची किल्लीही अनेकदा तिथेच असते. तेच पुसले गेले, की यंत्राची ओळखच जाते. उद्या कंपनीकडे गेलात तर ती ओळखायची कशावरून? काही नव्या यंत्रांत दुसरी सुरक्षा चिप हा बदल पकडते आणि मदरबोर्ड कायमचा मिटून बसतो. त्यातून ज्याचा मालक पक्का माहीत नाही अशा यंत्राची ओळख पुसणे म्हणजे चोरीच्या बैलाचा डाग खरवडण्यासारखे. प्रामाणिक दुरुस्तीवाला या कामाआधी पावती मागतो. तो मागत असेल तर त्याच्यावर रागावू नका, त्याचा नंबर जपून ठेवा.

कुलूप लागले असेल तर

आधी अंदाजाने पासवर्ड टाकणे थांबवा. पडद्यावर आलेला संदेश किंवा क्रमांक मोबाइलवर फोटो काढून ठेवा. यंत्राच्या पाठीवरचा सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग लिहून घ्या. मग विकणाऱ्याकडे जा आणि ‘पासवर्ड काय’ असे न विचारता ‘हे यंत्र कोणाकडून आले’ असे विचारा. यंत्र कंपनीचे असेल तर बहुतेकदा त्यावर मालमत्तेचे स्टिकर असते किंवा सुरू होताना पडद्यावर कंपनीचे नाव दिसते. त्या कंपनीच्या संगणक विभागाला सीरियल नंबर आणि खरेदीचा कागद पाठवला, तर विकलेल्या यंत्राचा पासवर्ड काढायला ते मदत करू शकतात. यंत्र ओळखीच्या माणसाचे असेल तर त्याने पूर्वी नेहमी वापरलेले पासवर्ड त्यालाच टाकायला सांगा. कीबोर्डवर कॅपिटल अक्षरांची कळ चालू आहे का, अंकांची कळ बंद आहे का, एवढे तपासल्यानेही काही कुलपे उघडतात.

यातून काम झाले नाही तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन करा. अधिकृत सेवाकेंद्रासाठी कंपनीनुसार लातूर, सोलापूर किंवा पुणे गाठावे लागू शकते. म्हणून कोणते कागद लागतील, खर्च किती, काम होणार की नाही, हे निघण्याआधीच विचारून घ्या. लॅपटॉप एरवी नीट चालत असेल आणि बंद असेल तो फक्त सेटिंगचा दरवाजा, तर आहे तसा वापरणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत बाहेर ठेवा. आणि काहीच जमले नाही, तर पडदा, मेमरी, डिस्क, चार्जर यांना सुटे भाग म्हणून मोल असते. उरलेले यंत्र कचऱ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत जायला हवे. फुगलेली बॅटरी असेल तर तिला टोचू नका, दाबू नका.

पैसे देण्याआधी पाच मिनिटे

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून बघतो आणि बाजाराची पावती करतो. लॅपटॉप घेतानाही तेवढेच करायचे. दुकानदारासमोर यंत्र पूर्ण बंद करा. सुरू करताना सेटअपची कळ दाबत राहा. डेलवर ती एफ-२, एचपीवर एफ-१०, थिंकपॅडवर एफ-१ असते. सेटिंगचा पडदा पासवर्ड न मागता उघडला पाहिजे. आत ‘सिक्युरिटी’ या भागात जाऊन कोणताही पासवर्ड ठेवलेला नाही ना, हे पाहा. तिथे दिसणारा सीरियल नंबर आणि पाठीवरच्या स्टिकरचा नंबर एकच आहे का, तेही जुळवा. मग विंडोज सुरू करून इंटरनेट जोडा. नव्याने बसवलेली विंडोज एखाद्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावाने लॉगिन मागू लागली, तर ते यंत्र अजून त्या संस्थेच्या नोंदीत आहे असे समजा. मॅक असेल तर आधीच्या मालकाच्या खात्याचे कुलूप त्याच्याकडूनच काढून घ्या. दुकानदार हे करू देत नसेल, ‘घरी गेल्यावर बघा’ म्हणत असेल, तर तो लॅपटॉप घेऊ नका.

आपला जुना लॅपटॉप विकताना किंवा भाचीला देताना हेच काम उलट करायचे: सेटअपमध्ये जाऊन पासवर्ड काढायचा, आपल्या खात्यातून यंत्र वगळायचे आणि मगच सोडायचे. पासवर्ड ठेवायचाच असेल तर तो कागदावर लिहून घरात ठेवण्यात कमीपणा नाही. वर्षानुवर्षे न लागणारी गोष्ट डोक्यापेक्षा कागदावर सुरक्षित राहते. फक्त तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. पावतीवर यंत्राचा सीरियल नंबर, ‘फर्मवेअर पासवर्ड नाही’ असा शेरा, तारीख आणि विकणाऱ्याची सही घ्या. तिचा एक फोटो मोबाइलमध्ये काढा आणि मूळ कागद घराचा उतारा व रेशनकार्ड ज्या पिशवीत आहे, तिथेच ठेवून द्या.